नर कापले तो सुट्टीआधीचा शुक्रवार

मी भांग पिकवते. परवान्यानं, कुलुपातल्या काचघरात, कॅमेऱ्यांच्या नजरेखाली, आयर्लंडमधल्या किल्डेअर परगण्यात. हे वाक्य मी कुठल्याही नव्या ओळखीत दुसऱ्या मिनिटाला उच्चारून टाकते, कारण उशिरा सांगितलं की लोकांना वाटतं लपवत होते.

सांगितल्यावर काय होतं, तेही आता ठरलेलं आहे. मराठी माणूस असेल तर महादेवाचा एक विनोद करतो, मग आवाज खाली आणून विचारतो, "म्हणजे खरंच?" आयरिश माणूस असेल तर आपल्या आत्याच्या गुडघ्यांबद्दल बोलायला लागतो आणि शेवटी विचारतो, थोडंसं मिळेल का. दोघांनाही माझं उत्तर एकच. एक पानसुद्धा फाटकाबाहेर जात नाही. गळलेलं पानही वजन करून, नोंदवून, दोन माणसांच्या सहीनं नष्ट होतं.

माझी मुलगी शाळेत पहिलीत असताना तिनं वर्गात उभं राहून सांगितलं होतं की बाबा चिप्स बनवतात आणि मॅम, म्हणजे आई, गांजा पिकवते. नवरा लिक्सलिपच्या कारखान्यात संगणकाच्या चिप्स बनवतो, तेव्हा माहिती अचूक होती. बाईंचा फोन आला तो मात्र फक्त मला.

आणि माझ्या सासूबाई. त्या यवतमाळच्या. दर उन्हाळ्यात आमच्याकडे येतात. पहिल्या वर्षी त्यांना माझं काम नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि संध्याकाळी यवतमाळला नणंदेला फोनवर सांगितलं, "लोकाइच्या सुना ब्यांकेत जातात. माह्या सुनंनं गांजाचं वावर केलं. पण टायमावर घरी येते, काई म्हनाची सोय नाई."

तर हे काम काय आहे, ते आधी साध्या शब्दांत.

आमची संस्था छोटी आहे. जगभरची जुनी बियाणी टिकवून ठेवायची, हा तिचा उद्योग. बी फ्रीजरमध्ये ठेवलं तरी ते अमर होत नाही. दर काही वर्षांनी त्याची उगवण घटायला लागते. मग ते पेरायचं, वाढवायचं, त्यापासून ताजं बी धरायचं आणि पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवायचं. लोणच्याच्या बरणीत दर उन्हाळ्यात नवं लोणचं घालावं तसं. आमच्याकडे ओट आहेत, बार्ली आहे, जवस आहे. भांग त्यातलीच एक. फक्त तिच्यासाठी कुलूप जास्त लागतं.

त्यातही मला गावरान वाणांचं वेड आहे. गावरान म्हणजे कुण्या कंपनीनं तयार न केलेलं. एका दरीत, एका उंचीवर, तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं पेरलेलं आणि त्यातलंच चांगलं बघून पुन्हा राखलेलं. अशा वाणात प्रत्येक झाड थोडं वेगळं असतं. एक उंच, एक बुटकं, एक लवकर येणारं, एक उशिरा. आपल्या गावरान कोंबड्यांमध्ये असतं तसं. पाऊस लांबला तर एक टिकतं, थंडी लवकर आली तर दुसरं. म्हणून असं वाण राखायचं तर दोनचार झाडांवर भागत नाही. बरेच नर आणि बऱ्याच माद्या लागतात, नाहीतर त्या दरीतला एकच स्वभाव उरतो आणि बाकीचे पुसले जातात.

हो, नर आणि माद्या. भांगेचं झाड पपईसारखं आहे. नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. नराचा पराग उडून मादीवर पडला तर बी धरतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढची सगळी कथा तिच्यावर उभी आहे.

बाहेर आमचं एक छोटं शेतही आहे, धाग्याच्या भांगेचं. दोरखंड आणि कापड होतं त्याचं. त्यात नशा म्हणून काही नसतं, पण पान तेच, वासही तोच. एका उन्हाळ्यात कुंपणावरून उडी मारून कुणीतरी बरीच झाडं कापून नेली. मी गार्डांना, म्हणजे इथल्या पोलिसांना, कळवलं. ते येऊन वही भरून गेले. दोन दिवसांनी फाटकाशी एक गाडी थांबली. एक धिप्पाड बाई उतरली, तिनं मागच्या सीटवरून वीस वर्षांच्या मुलाला बाहेर काढलं आणि डिकीतून आमची झाडं. मुलानं माझ्याकडे न बघता माफी मागितली. आई म्हणाली, "थोडी ओढून बघितली गाढवानं. डोकं धरून पडून होता. आता तुम्हीच सांगा त्याला यात काय होतं ते." मी सांगितलं की यात दोरखंड होता. त्या बाईचं हसू गाडी वळेपर्यंत ऐकू येत होतं.

पण मला सांगायचंय ते काचघरातल्या झाडांबद्दल.

फिनबार हे आमच्या संस्थेचे जुने वनस्पतिशास्त्रज्ञ. आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि एनिसला लेकीकडे राहतात. तरुणपणी ते कुमाऊँच्या डोंगरात पायी फिरले होते. एका दरीत पावसानं अडकले आणि एका घरात राहिले. त्या घरच्या बाईनं त्यांना रोज भाकरीबरोबर भांगेच्या बियांची चटणी वाढली. बियांत नशा नसते, खमंग तेल असतं. आपली जवसाची किंवा कारळ्याची चटणी डोळ्यांसमोर आणा. निघताना तिनं त्यांच्या रुमालात मूठभर बी बांधून दिलं. फिनबारनी ते आणून संस्थेला दिलं. तिचं नाव विचारायचं राहिलं, याची खंत त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितली असेल.

दरम्यान त्या दरीत रस्ता झाला, तरुण मंडळी खाली उतरली, पायऱ्यापायऱ्यांची शेतं पडीक झाली आणि ते वाण संपलं. आता तिथल्या बायकांनी एक गट केला आहे. गटाची प्रमुख बसंती. तिनं कुठून कुठून शोध घेत आमच्या संस्थेला गाठलं आणि विचारलं, आमचं बी तुमच्याकडे आहे ना, ते परत मिळेल का?

होतं. पण थोडं होतं आणि म्हातारं होतं. त्यातलं निम्मं बी संस्थेनं माझ्या आधी उघड्या पॉलिटनलमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या लांबट मांडवात, पेरून घालवलं होतं. झाडं वाढतच गेली, छताला लागली, वाकली, पण फुलावर येईनात. ऑक्टोबरमध्ये फुलं आली आणि आठवड्याभरात राखाडी बुरशीनं सगळं खाल्लं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवाल्यांना ही बुरशी ओळखीची असेल. उरलेलं निम्मं माझ्याकडे आलं. ते पेरून बी धरलं तर धरलं. नाही धरलं तर ती दरी कायमची गेली, कारण पुन्हा पेरायला दाणा नव्हता.

फिनबारनी फोन केला. म्हणाले, "मीनल, मला घाई नाही असं मी म्हणणार होतो. पण या वयात ते खोटं ठरेल."

मी कामाला लागले. मला याद्या करायची सवय आहे. घरात फ्रीजवर यादी असते, गाडीत यादी असते. पहिली यादी केली ती त्या दरीच्या हवामानाची. झाडाला आयर्लंडमध्ये काय खटकतं, ते त्यातून स्पष्ट दिसलं. एक, दिवस. इथे जूनमध्ये रात्री साडेदहालाही उजेड असतो. डोंगरातलं झाड दिवस लहान व्हायला लागले की फुलायचं असं ठरवून बसलेलं असतं, ते इथे वाट बघत बसतं. दोन, कोरडेपणा. तिकडे पावसाळा संपला की आभाळ स्वच्छ, ऊन कडक, हवा कोरडी. इथे पावसाळा संपतो असं मला तरी अजून कुणी सांगितलेलं नाही. तीन, गार रात्री. चार, वारा. दरीत दुपारी वारा सुटतो, त्यानं खोड जाड होतं.

मग हे सगळं आम्ही यंत्रांनी उभं केलं. काचघरावर काळे पडदे बसवले. संध्याकाळी ते ओढायचे म्हणजे झाडाला वाटावं सूर्य डोंगरामागे गेला. हवेतलं पाणी ओढणारी यंत्रं लावली. पंखे लावले. रात्री तापमान उतरवायचं आणि सकाळी हळूहळू चढवायचं. सासूबाईंना एकदा पाहुण्यांच्या दिवशी आत नेलं होतं. पडदे, पंखे, नळ्या सगळं बघून त्या म्हणाल्या, "येवढे लाड तर म्या माह्या पोराचेबी नाई केले."

या कामात माझ्या जोडीला होता शेन. चाळिशीचा, उंच, दाढीवाला, कामाला वाघ. तो तीन वर्षं कॅनडात औषधी भांगेच्या मोठ्या कंपनीत राहून आला होता. झाडाकडे लांबून बघून सांगायचा की याला तहान लागली आहे, आणि ते बरोबर असायचं. औषधी भांगेत मात्र सगळा हिशेब उलटा असतो. तिथे बी नको असतं. बी धरलं की औषध कमी. त्यामुळे तिथे नर म्हणजे शत्रू. नराची कळी दिसली की झाड मुळासकट बाहेर.

आमच्या इथे मात्र नर हवे होते. हे मी शेनला पेरणीच्या दिवशीच सांगितलं होतं, त्यानं ते फळ्यावर स्वतः लिहिलं होतं आणि आम्ही त्यावर हसलोही होतो.

म्हाताऱ्या बियांतून निम्म्याहून कमी रोपं आली, पण आली. पडदे ओढायला लागल्यावर जुलैच्या शेवटी नरांना कळ्या धरल्या. माद्यांची फुलं मागोमाग. पांढरे केस बाहेर येऊ लागले होते. पुढच्या आठवड्यात नर उमलणार, पंखे जोरात लावायचे आणि पराग सगळीकडे उडू द्यायचा, असं ठरलं होतं. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी इथे सुट्टी असते. शनिवार, रविवार, सोमवार आम्ही केरी परगण्यात समुद्रावर गेलो. काचघर यंत्रांवर होतं, पाळीचा माणूस फक्त आकडे बघून जाणार होता. निघताना मी शेनला एवढंच सांगितलं, कोपऱ्यातले दोन नर रोगट दिसतायत, ते काढून टाक.

मंगळवारी सकाळी मी आत गेले आणि दाराशीच थांबले. काचघर फार नीटनेटकं दिसत होतं. माद्या होत्या. मधल्या सगळ्या जागा मोकळ्या होत्या.

शेन दोन मग चहा घेऊन आला. माझ्या चेहऱ्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"नर कुठे आहेत?"

"काढले," तो म्हणाला. "शुक्रवारी थोडा थांबून सगळे काढले. पराग उडाला नाही, ग्रँड झालं."

मी मोकळ्या जागांकडे बोट दाखवलं. त्याचा हात मग घेऊन तसाच पुढे राहिला. मग आपण काय केलं ते त्याच्या डोळ्यांत उतरताना मी पाहिलं. त्यानं दोन्ही मग जमिनीवर ठेवले आणि उलट्या टोपलीवर बसला.

"दोन काढायला आलो होतो," तो म्हणाला. "तिसऱ्याची कळी दिसली. मीनल, तीन वर्षं दुसरं काही केलं नाही मी. हात पुढे गेले, डोकं घरी होतं."

"बरं."

"मी राजीनामा देतो."

"नंतर दे," मी म्हणाले. "आधी सांग, पिशव्या कुठे आहेत?"

आमच्या परवान्याचा नियम असा, की काहीही नष्ट करताना दोन माणसांची सही हवी. हा नियम मी अक्षरशः पाळते आणि त्यावरून संस्थेत माझी यथेच्छ थट्टा होते. शुक्रवारी संध्याकाळी दुसरं कुणी नव्हतं. म्हणून शेननं नराची झाडं पिशव्यांत भरली, वजन केलं, सील लावलं आणि शीतकपाटात बंद करून ठेवली. मंगळवारी आम्ही दोघांनी सही करून ती नष्ट करायची होती.

"कापून चार दिवस झाले," शेन म्हणाला. "ती मेलेली आहेत."

इथे मला जालन्याला जावं लागेल.

आयर्लंडला येण्याआधी मी जालन्यात बियाणे कंपनीत काम करायचे. संकरित कापसाचं बी धरणं हे तिथलं काम. कपाशीच्या मादी ओळीतल्या कळीतले पुंकेसर बायका नखानं काढून टाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतल्या कळ्या खुडून आणतात, सावलीत पसरून ठेवतात, ऊन चढलं की त्या उमलतात आणि पराग मोकळा होतो. मग तेच खुडलेलं फूल मादी फुलावर हलकेच फिरवतात. म्हणजे तिथे नर आधी खुडायचा आणि मग वापरायचा. शेनच्या कॅनडात कापलेला नर संपलेला असायचा. माझ्या जालन्यात कापलेल्या नराचं काम तिथून सुरू व्हायचं.

मी सील तोडलं. सील तोडल्याची वेळ लिहिली, शेनची सही घेतली. पहिल्या पिशवीच्या तळाचा भाग दडपून काळा पडला होता, त्याला कुजका वास येत होता. तेवढा गेला. वरच्या फांद्या गारठलेल्या, ओल्या, पण ताठ होत्या. कळ्या बंद. मी एक कळी नखानं उकलली. आत पुंकेसर फिकट पिवळे, शाबूत होते.

"बादल्या आण," मी शेनला म्हणाले. "स्वच्छ. आणि कात्री."

निशिगंधाच्या काड्या पाण्यात ठेवतो तसं प्रत्येक फांदीचं टोक तिरकं छाटून आम्ही ती पाण्यात उभी केली. बी वाळवायची आमची जी खोली आहे, तिथे हवा कोरडी असते. तिथे बादल्या ठेवल्या, प्रत्येक फांदीला तिच्या झाडाचा क्रमांक बांधला आणि खाली काळा कागद अंथरला. शेन कागदाच्या कडा चिकटवत होता. मधेच म्हणाला, "शुअर, हे झालं तर मी चर्चमध्ये मेणबत्ती लावीन." मी म्हटलं, आधी माद्यांवर ठरलेली बुरशीनाशकाची फवारणी थांबव, ओल्या फुलावर पराग लागत नाही, मेणबत्तीचं नंतर बघू.

आता परवान्याचा प्रश्न. नष्ट करायचा म्हणून नोंदवलेला माल पुन्हा वापरणं कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं. मी परवाना कार्यालयात फोन लावला. आमची अधिकारी बाई फार काटेकोर. मला ती आवडते.

"म्हणजे नष्ट केलेली सामग्री तुम्ही वापरणार?"

"नष्ट केलेली नाही. नष्ट करायची ठरलेली. सही झालेली नाही."

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला.

"ईमेल करा," ती म्हणाली. "सगळं लिहा. काही गाळू नका."

मी सगळं लिहिलं. काही गाळायची मला सवयच नाही. बुधवारी सकाळी आले तेव्हा काळ्या कागदावर पिवळी धूळ पडलेली होती. फांद्यांवर छोटी फुलं उमलून घंटांसारखी लोंबत होती. बोट लावलं की धूर निघावा तसा पराग उडे. शेननं खोलीचं दार हळूच लावलं, वारा येऊ नये म्हणून. आणि परवान्याचं उत्तर आलेलं नव्हतं. फांदीचा पराग थोडाच वेळ टिकतो. आम्ही दोघं मेलपेटीकडे बघत बसलो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात निरुपयोगी असा सकाळचा वेळ तो. जेवणाच्या सुट्टीच्या आधी एका ओळीचं उत्तर आलं. परवानगी आहे, मूळ नोंद खोडू नये, खाली नवी नोंद करावी.

आम्ही पंखे बंद केले. काचघरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. एकेक नर फांदी घ्यायची, मादीच्या झाडाजवळ न्यायची आणि तिच्या तुऱ्यांवर हलकेच झटकायची. ओटी भरावी तशी. प्रत्येक नराचा वाटा वेगवेगळ्या माद्यांना मिळाला पाहिजे, म्हणजे त्या दरीतले सगळे स्वभाव मिसळतील. कुणाकडून कुणाला, ते मी बोलायचे आणि शेन करायचा. ज्या तुऱ्याचं झालं त्याला लोकरीचा लाल धागा. जालन्यात आम्ही असेच धागे बांधायचो. लोकर सासूबाईंची, त्या नातीसाठी स्वेटर विणत होत्या. मी आदल्या रात्री लोकर मागितली तेव्हा त्यांनी कारण विचारलं. सांगितलं. त्यांनी गुंडी काढून दिली आणि म्हणाल्या, "त्या शेनले घरी बोलाव जेवाले. मानूस वाईट नाई त्यो. हाताले वळन पडलं की हात आयकत नाई."

शेन दोन दिवस मादी झाडांमध्ये वाकून फांद्या झटकत होता. त्याच्या दाढीत पराग अडकला होता. शेवटच्या झाडाला धागा बांधून झाल्यावर तो सरळ उभा राहिला, पाठ धरून, आणि म्हणाला, "कॅनडात कुणाला सांगू नकोस."

त्यानंतर वाट बघणं. माद्यांचे पांढरे केस तपकिरी पडून आत वळायला लागले, म्हणजे पराग लागला. रोज मी एक तरी हिरवा कोष दाबून बघायचे. आधी मऊ, मग आत काहीतरी गोल. एका सकाळी नखानं सोललं तर आत कोवळा दाणा, दाबल्यावर दूध आलं. मी ते शेनला दाखवलं. त्यानं खिशातून फोन काढून लगेच कुणाला तरी फोटो पाठवला. नंतर कळलं, आईला. तिनं मेणबत्ती लावलेली होती.

सप्टेंबर नेहमीसारखा ओला होता. एका कोपऱ्यात राखाडी बुरशी दिसली, तेवढी झाडं आम्ही बाहेर काढली, दोघांच्या सहीनं. बाकीच्यांना मी दरीतलं कोरडं ऊन दिलं, वीज खाणारं पण खरं. दिवाळीच्या सुमारास बी पिकलं. ज्वारीच्या दाण्याएवढं, करडं, वर काळ्या रेघांची नक्षी. कोषातून ते आपोआप निसटायला लागलं की पीक तयार. आम्ही कागदावर झाडं झटकली, पाखडलं, चाळलं. पाखडायला सूप नव्हतं, तर मी घरून नेलं. शेन पहिल्यांदाच सूप बघत होता. पहिल्या झटक्यात त्यानं अर्धं बी स्वतःच्या बुटांवर घेतलं. मग मी त्याला बाजूला केलं.

उगवणीची चाचणी म्हणजे ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं आणि उलगडून बघायचं. मी तो कागद उलगडला तेव्हा टेबलाभोवती सगळे गोळा झाले होते. पांढऱ्या कोंबांची गर्दी होती. न उगवलेले दाणे शोधावे लागत होते. इतक्या वर्षांत मला एखादं काम इतकं पूर्ण झाल्यासारखं वाटलं नव्हतं. राजीनाम्याचा विषय शेननं पुन्हा काढला नाही, मीही नाही.

खंत एक आहे, ती लिहून ठेवते. पिशव्यांच्या तळाशी जे नर कुजले त्यांत आमचे सगळ्यात बुटके, लवकर येणारे नर होते. त्यांचा वाटा पुढच्या पिढीत आला नाही. त्या दरीत कधी लवकर थंडी पडली तर त्यांची आठवण येईल.

चाळणीखाली पडलेलं बारीक, पोचट बी पेरायच्या उपयोगाचं नव्हतं. परवाना कार्यालयाला विचारून, भाजून, म्हणजे ते कधीच उगवणार नाही असं नोंदवून, मी ते घरी आणलं. त्या वर्षी परत जाणं लांबवून थांबलेल्या सासूबाईंनी मिक्सरला लावलं. लाल मिरची, लसूण, मीठ, लिंबू. चाखून म्हणाल्या, "जवसावानी लागते. पन जवसाहून चांगली." त्यांच्या तोंडून हे मोठं प्रशस्तिपत्र आहे.

डबा घेऊन मी एनिसला गेले. फिनबारनी चमच्याच्या टोकावर थोडी चटणी घेतली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. मी वाट बघत होते. लेक दाराशी उभी होती.

"तिकडे तिनं मीठ जास्त घातलं होतं," ते म्हणाले. मग पुन्हा चमचा पुढे केला.

ते त्या दिवशी डबाभर चटणी खाऊन उठले. लेकीनं सांगितलं की अलीकडे ते काहीच संपवत नाहीत.

बी वसंतात दरीत पोचलं, सगळ्या कागदपत्रांसह. मी त्याबरोबर दोन पानांची यादी जोडली होती. हिंदीत, मुद्देसूद. दिवस किती लहान झाला की फुलं येतात, रात्र किती गार हवी, हवा किती कोरडी, वारा कधी, ऊन किती. यंत्रांनी ते कसं सांभाळायचं तेही. एवढी मेहनत करून शिकले होते, तर बसंतीच्या कामी यावं.

जुलैमध्ये बसंतीचा व्हिडिओ कॉल आला. शेनही बाजूला होता. दगडी बांधाच्या कडेला गुडघ्याएवढी रोपं उभी होती, एकसारखी नाही, प्रत्येक वेगळं. मागे डोंगरावरून ढग उतरत होते आणि कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. मी विचारलं, यादी मिळाली का, काही अडचण आली का?

ती थोडा वेळ अवघडून हसली. मग म्हणाली, "दीदी, बहुत अच्छा लिखा है आपने. पर ये सब तो यहाँ होता ही है."

शेननं विचारलं, ती काय म्हणतेय. मी त्याला सांगितलं. तो इतका हसला की बसंतीही तिकडे हसायला लागली, आणि तिच्या मागे वाऱ्यानं रोपं एकदम एका बाजूला वाकली, दुपारच्या वाऱ्यानं, पंख्याशिवाय.